माझ्या काचेसमोरचं कपाट

सकाळचे सव्वादहा. लाँड्रीचं मोठं दालन. बॉयलर बंद, मशिनं बंद, इस्त्रीची टेबलं रिकामी. दारात हॉस्पिटलची गाडी उभी. त्या गाडीतून परत आलेलं एक गाठोडं फरशीवर मधोमध ठेवलेलं, आणि त्याच्याभोवती सगळा कारखाना गोल करून उभा. माझ्यासमोर हातात पाना घेऊन मिस्त्री.

मी पार्टिशन बोलतोय. कमरेपर्यंत प्लायवूड, वर काच, एका बाजूला दार आणि मधे एक सरकती खिडकी, एवढाच माझा देह. त्या सकाळी माझ्यावर खटला भरला होता. आरोप असा, की मी मधे आलो म्हणून घात झाला. शिक्षाही आधीच ठरलेली होती. बाजू मांडायला मात्र मला कोणी सांगितलं नाही. भिंतींना कान असतात हे जगाला मान्य आहे. तोंड असतं हे कोणी धरून चालत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर निदान संन्याशाचं म्हणणं तरी ऐका. म्हणून आता मीच बोलतो. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

माझ्या जन्माआधी ही लाँड्री म्हणजे एक टेबल होतं. लांबलचक, जाड फळीचं. त्याच्या एका टोकाला मळके कपडे यायचे, दुसऱ्या टोकाने घडी घालून जायचे. मधे अक्का आणि तिच्या हाताखालची पाचसहा माणसं. अक्का म्हणजे मालकीण. पण तेव्हा तिला मालकीण म्हणून ओळखायची तर एकच खूण होती, सगळ्यात शेवटी घरी जाणारी बाई ती. बाकी सगळे सगळंच करायचे. जो मोकळा असेल तो इस्त्री धरायचा, जो दाराजवळ असेल तो गिऱ्हाइकाशी बोलायचा. कोणाचं काय काम, हे विचारायची वेळच यायची नाही. सगळे एकमेकांच्या हाताच्या अंतरावर होते.

मग मोठी मशिनं आली, बॉयलर आला आणि गोंगाट आला. फोनवरचं गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, तुम्ही धबधब्याखाली बसून बोलताय का?" एकदा एका हॉटेलने 'सत्तर टॉवेल' सांगितले आणि अक्काला ऐकू आलं भलतंच. त्या संध्याकाळी तिने मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्री तेव्हा तरुण होता, पण जीभ आजच्याइतकीच धारदार.

"फोनपुरता एक कोपरा अडवून दे," अक्का म्हणाली. "खाली लाकूड, वर काच. मला सगळे दिसले पाहिजेत आणि मी सगळ्यांना दिसले पाहिजे. आणि खिळे ठोकू नकोस. नटबोल्ट लाव."

"नटबोल्ट? अक्का, भिंत हवी की पाळणा? हलवायचीय का?"

"कारखान्याचं काही सांगता येत नाही रे बाबा. आज फोनसाठी हवी आहे, उद्या कशासाठी लागेल कोणाला ठाऊक. सुटी होणारी कर."

त्या एका वाक्यावर माझा जन्म झाला. अक्का शाळेनंतर शिकली नव्हती, पण ते वाक्य मोठमोठ्या साहेबांनी चौकट करून लावावं असं होतं. दुर्दैव एवढंच, की ते वाक्य पुढे कोणालाच आठवलं नाही. खुद्द अक्कालाही नाही.

मी कोपऱ्यात उभा राहिलो. फोन ऐकू यायला लागला. सरकत्या खिडकीतून अक्का हाक मारायची, "अगं, त्या नव्या हॉटेलचे अभ्रे झाले का?" आणि बाहेरून इस्त्रीमावशी ओरडायची, "अभ्रे झाले, आता माझं पीठ व्हायचं बाकी आहे!" इस्त्रीमावशी म्हणजे लांब टेबलाच्या काळापासून अक्काबरोबर असलेली बाई. इस्त्रीइतकीच गरम, आणि इस्त्रीइतकीच सरळ. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे काम वाढलं, माणसं वाढली, आणि या लोकांना एक खोड लागली. काही बिनसलं की मला हलवायचं. एकदा कोणा गिऱ्हाइकाचा कोट हरवला. झालं, मला उचलून दर्शनी दारापाशी नेऊन काउंटर केलं, म्हणजे ऐरागैरा आत येणार नाही. कोट दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाच्याच घरी सापडला, पण मी दारातच राहिलो. मग बॉयलरची वाफ सुटून एकाचा हात भाजला. मला तिथून काढलं आणि बॉयलरसमोर उभं केलं. तोवर बॉयलरचा खराब व्हॉल्व्ह बदलून झाला होता. म्हणजे मी कोणाला कशापासून वाचवत होतो? नव्याकोऱ्या व्हॉल्व्हपासून?

साप निघून गेल्यावर भुई धोपटायची, हे माणसांचं जुनं काम आहे. पण हे लोक त्याच्या पुढचे. हे भुईवर भिंत बांधायचे. गेल्या वेळी जिथे घात झाला तिथे मी असायचो, आणि पुढचा घात जिथे व्हायचा तिथे कोणीच नसायचं. मिस्त्रीला मात्र बरकत होती. दर वेळी माझे बोल्ट सोडताना तो म्हणायचा, "चला राव, बदली आली."

मग अक्काचा भाचा आला. तिच्या धाकट्या भावाचा मुलगा, व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेला, शर्टाची बाही कधी न दुमडणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात एक मोठा तक्ता काढला. वर एक चौकोन, खाली तीन चौकोन, मधे रेघा. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं तक्तेसाहेब. त्याला ते कळलं तेव्हा तो रागावला नाही, हसला. तेवढ्यावरून मी ओळखलं, माणूस बरा आहे.

आणि खरं सांगायचं तर तेव्हा तो बरोबर होता. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी सगळं त्याच्या माथी मारलं. तेव्हा वीसेक हॉटेलांचं काम होतं. प्रत्येकाला आपलंच आधी हवं. डिलिव्हरीदादाची, म्हणजे गाडी भरून माल पोचवणाऱ्याची, एका हॉटेलशी विशेष दोस्ती होती. तिथे त्याला फुकट चहा मिळायचा. तो सरळ मशीनचं दार उघडून त्या हॉटेलचे ओले टेबलक्लॉथ ओढून काढायचा. धुलाई सांभाळणारे काका कपाळाला हात लावायचे.

"अरे, मशीन आहे ते! तुझ्या घरचं फडताळ नाही!"

"काका, गिऱ्हाईक देव असतो."

"मग तुझा एकच देव कसा रे? बाकीचे काय राक्षस?"

अशी भांडणं दिवसभर. तक्तेसाहेबांनी मला उचललं, नवे पॅनल जोडून लांब केलं आणि दालनाच्या मधोमध आडवं लावलं. एका बाजूला धुलाई, दुसऱ्या बाजूला इस्त्री आणि डिलिव्हरी. माझं दार हीच येण्याजाण्याची वाट. नियम असा, की एका बाजूने ट्रॉली दाराशी लावायची, घंटी वाजवायची, दुसऱ्या बाजूने ती ओढून घ्यायची. बोलाचाली नाही. तक्रार असेल तर केबिनमध्ये या. माझेच दोन पॅनल कमी करून तक्तेसाहेबांनी दर्शनी कोपऱ्यात आपली केबिन केली, दारावर नावाची पितळी पाटी लावली. भांडणं थांबली. माल वेळेवर जायला लागला. अक्कासुद्धा म्हणाली, "पोरगं शहाणं आहे."

मीही खूश होतो. पहिल्यांदाच मी पुढच्या कामासाठी उभा होतो, मागच्या घातासाठी नव्हे.

पण दिवस काय तसेच राहतात? नवा मोठा रस्ता शहराला वळसा घालून गेला आणि येणारे जाणारे लोक त्याच्यावरूनच परस्पर पुढे जायला लागले. हॉटेलं ओस पडली. वीसांची सात झाली. इस्त्रीमावशी टेबलाला टेकून म्हणायची, "आता काय माझ्याच साडीला दिवसातून तीनदा इस्त्री करू?" अक्का महिनाभर वणवण फिरली आणि एका मोठ्या हॉस्पिटलचं काम घेऊन आली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे. लाँड्री वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गिऱ्हाईक बदललं आणि कामाची सगळी जातच बदलली. पण तक्ता तोच राहिला, नियम तेच राहिले, मी तिथेच राहिलो. हॉटेलला घाई हवी असते आणि कडक घडी हवी असते. हॉस्पिटलला एकच गोष्ट हवी असते: मळकं आणि स्वच्छ यांची गाठ पडता कामा नये. हॉटेलच्या टेबलक्लॉथवरचा डाग आंधळ्यालाही दिसतो. हॉस्पिटलची चादर नुसती बघून काही कळत नाही. ती पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्यात काय बसलंय ते तिलाच ठाऊक. आणि आमच्याकडे मळकी ट्रॉली आणि धुतलेली ट्रॉली, दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच दारातून, माझ्याच दारातून, एक आत जायची आणि एक बाहेर यायची.

तरीही पहिले कित्येक महिने काही झालं नाही. का झालं नाही? तक्त्यामुळे? नियमामुळे? मुळीच नाही. माझ्या काचेमुळे.

बोलायला बंदी होती, पण हातवाऱ्यांना कोणी बंदी घातली नव्हती. काका पलीकडून ट्रॉली लावायचे, घंटी वाजवायचे आणि काचेतून दादाकडे बघून दोन्ही तळवे गालाला लावून मान कलती करायचे. म्हणजे, यावर आता खुशाल झोपा, धुतलेलं आहे. मळकी ट्रॉली आत जायची असली की दादा इकडून नाक चिमटीत धरायचा. म्हणजे, सांभाळून. झोप आणि नाक, या दोन खुणांवर अख्खं हॉस्पिटल चाललं होतं. केबिनला पत्ता नव्हता. या दोघांनी सांगितलंही नाही. नियमाबाहेरची गोष्ट, उगाच कशाला बोभाटा? आणि एकेकाळी एकमेकांच्या उरावर बसणारे हे दोघं त्या खुणांपायी मित्र झाले होते. कधीकधी काका झोपेची खूण करून खोटं खोटं घोरायचे आणि दादा काचेवर टकटक करून त्यांना उठवायचा. मला गुदगुल्या व्हायच्या.

मग रंगकाम निघालं. भिंतींना पांढरा रंग द्यायचा म्हणून माझ्या काचांवर जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवले. चारपाच दिवस मी आंधळा होतो. कागद निघाले तेव्हा माझ्या दाराशेजारच्या काचेला पाठ लावून एक लोखंडी कपाट उभं होतं. उंच, करड्या रंगाचं, बंद.

काकांना वाटलं, साहेबांचं असेल. साहेबांना वाटलं, आत्याचं असेल. अक्काला वाटलं, रंगाऱ्यांचं असेल, नेतील. दादाला वाटलं, आपल्याला काय करायचंय. इस्त्रीमावशीचा पदर एकदा त्याच्या कोपऱ्याला अडकून फाटला, तेव्हा तिने त्याला अशा शिव्या दिल्या की मी माणूस असतो तर कानात बोटं घातली असती. पण हलवलं कोणी नाही. मोठी वस्तू एकदा जागेवर उभी राहिली की लोकांना वाटतं, कोणीतरी विचार करूनच ठेवली असणार. सगळ्यात धोक्याचा समज हा. मी स्वतः तेरा ठिकाणी उभा राहिलोय. मला विचारा, किती वेळा विचार करून ठेवलं होतं ते!

झोप गेली, नाक गेलं. उरली नुसती घंटी. आणि घंटी काही सांगत नाही, फक्त वाजते.

आता त्या गाठोड्याकडे येऊ. त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या वॉर्डात एका नर्सने खाट लावायला म्हणून आमचं गाठोडं सोडलं. वरची चादर झटकली आणि तिच्यातून वापरलेलं बँडेज खाली पडलं. पेशंट अजून खाटेवर यायचा होता, म्हणून निभावलं. ते गाठोडं धुतलंच गेलं नव्हतं. मळकी ट्रॉली आत जायच्या ऐवजी जशीच्या तशी गाडीत चढली होती.

तासाभरात हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, स्वतः गाडीत बसून आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, आवाज अगदी हळू. मोठ्याने बोलणाऱ्यांना आमच्याकडे कोणी भीत नाही. त्या हळू बोलल्या आणि सगळा गोल एक पाऊल मागे सरकला.

"हे कसं झालं, मला समजून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "समजलं नाही, तर आजपासून आमचं काम बंद."

बंद म्हणजे काय, हे प्रत्येकाला कळलं. सात हॉटेलांवर फार तर निम्मी माणसं पोसली गेली असती. उरलेल्यांना घरी पाठवावं लागणार, आणि कोणाला पाठवायचं ते अक्काला सांगावं लागणार. मी तिचा चेहरा बघितला. ती इस्त्रीमावशीकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

मग नेहमीचा खेळ सुरू झाला.

"घंटी वाजली, मी ट्रॉली ओढली," दादा म्हणाला. "गाठोडं उघडून हुंगायचं माझं काम नाही."

"घंटी मी वाजवलीच नाही," काका म्हणाले. "ती ट्रॉली आत यायची होती. दाराशी कोणी लावली मला काय माहीत?"

"नियम स्पष्ट आहे," तक्तेसाहेब म्हणाले.

"नियम स्पष्ट आहे, पण चादर मळकीच गेली ना रे राजा," इस्त्रीमावशी म्हणाली.

ज्याचं त्याचं बरोबर होतं. प्रत्येकाने आपला चौकोन झाडून पुसून लख्ख ठेवला होता. घाण चौकोनांच्या मधल्या रेघेवरून गेली होती.

अक्काचा तोल सुटला. "या पार्टिशनने वाट लावली! पूर्वी एक टेबल होतं, सगळे समोरासमोर होते, तेव्हा झालं का कधी असं? मिस्त्री, काढ हे सगळं. मोडून टाक. मला जुनं टेबल परत हवं."

"आत्या, उलट आहे," तक्तेसाहेब म्हणाले. "एक पार्टिशन पुरत नाही. अजून एक हवं. मधे तपासणीची जागा करू, एक तपासनीस नेमू, त्याच्यावर एक..."

"त्याच्यावर एक छत्री धर," इस्त्रीमावशी म्हणाली.

मिस्त्री माझ्या पहिल्या बोल्टला पाना लावून उभा. "काढू की बसवू? काय ते एक ठरवा. हात भरून आला माझा."

माझ्या काचा थरथरल्या असतील तर ती बॉयलरची नव्हे, भीतीची थरथर होती. मोडून टाक म्हणाली अक्का! जिने मला काचेचा हट्ट धरून जन्माला घातलं, ती! आणि तिचं म्हणणं चूक होतं, हे मला ओरडून सांगायचं होतं. एका टेबलावर टेबलक्लॉथ धुता येतात अक्का, हॉस्पिटल धुता येत नाही. भाच्याचंही चूक होतं. चौकोन वाढवले की मधल्या रेघाही वाढतात. दोघंही आपापल्या चांगल्या दिवसांत परत जाऊ बघत होते, आणि ते दिवस केव्हाच गेले होते.

मेट्रन हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला.

"मळकं कुठल्या दाराने येतं?"

"या," सगळ्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं.

"आणि स्वच्छ कुठल्या दाराने जातं?"

बोटं वर होतीच. ती तशीच राहिली. त्याच दाराकडे.

मग काकांनी घसा साफ केला आणि झोपेची आणि नाकाची ती गोष्ट सांगून टाकली. दादाने मान खाली घातली. खूण कशी करायचे ते दाखवा म्हटल्यावर काकांनी सगळ्यांदेखत तळवे गालाला लावले. मेट्रन हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"मग ही खूण बंद का केलीत?"

"दिसायचं बंद झालं," काका कपाटाकडे बघत म्हणाले.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" तक्तेसाहेबांचा आवाज चिरकला.

"साहेब, तक्रार घेऊन केबिनमध्ये यायचं. मग तुम्ही विचारणार, आधी खुणा कोणाला विचारून सुरू केल्या? दोघांच्याही नोकरीवर आलं असतं."

मला वाटलं तक्तेसाहेब आता चिडतील. पण त्यांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर बसले, इस्त्रीच्या पँटसकट. चौकोन काढले नाहीत. या वेळी त्यांनी ट्रॉलीची वाट काढली. समोरून आत, माझ्या दारातून पलीकडे, पुन्हा माझ्याच दारातून अलीकडे, आणि समोरूनच बाहेर. फरशीवर एक गाठ तयार झाली. ती गाठ बघून तेच म्हणाले, "हे तर मी हॉटेलांसाठी केलं होतं."

"मागचं दार आहे की," अक्का म्हणाली. "भंगार लावून बुजवलंय ते."

"मळकं मागून आणायचं," भाचा म्हणाला.

"आणि पार्टिशन मशिनांच्या मागे, भिंतीपासून भिंतीपर्यंत," आत्या म्हणाली. माझी शिक्षा अशी परस्पर रद्द झाली, माफीबिफी कोणी मागितली नाही. "दार नकोच. चाकाची वस्तू इकडची तिकडे जाताच कामा नये. मळकं त्या खिडकीतून हातोहात द्यायचं, ते थेट मशीनमध्ये. खिडकीतून उलटं काही यायचं नाही."

"आणि खिडकीपाशी जो उभा, त्याला शंका आली तर तो काम थांबवणार. केबिनला विचारायचं नाही," भाचा म्हणाला.

"मालकिणीलाही नाही," मेट्रन म्हणाल्या.

अक्का क्षणभर अडखळली. "मलाही नाही," ती म्हणाली, पण ते तिला कडू लागलं हे दिसलं. "पण हॉटेलांचं काम समोर जुन्या टेबलावर. तिथे हे सोवळंओवळं नको. तिथे सगळे मिळून, ज्याला जमेल त्याने."

"एकाच छपराखाली दोन रीती?" काका म्हणाले.

"दोन घरची गिऱ्हाइकं, दोन रीती," अक्का म्हणाली.

मिस्त्रीने टेप लावून मोजलं आणि जीभ चावली. "पुरायचं नाही. दोन पॅनल कमी पडतात."

ते दोन पॅनल कुठे होते हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्याच आठवड्यात तक्तेसाहेबांचे सासरे जावयाचा कारखाना बघायला यायचे होते, आणि ती केबिन महिनाभर रोज पुसली जात होती. सगळे छताकडे बघायला लागले. मिस्त्रीसुद्धा. हातातला पाना सोडून तो कधी वर बघत नाही.

तक्तेसाहेब उठले, मिस्त्रीच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेतला, केबिनपाशी गेले आणि स्वतःच्या नावाची पाटी स्वतःच काढायला लागले. एक स्क्रू गंजला होता, निघेना.

"द्या इकडे," मिस्त्री म्हणाला.

"नको. हा मी बसवला होता."

"आणि सासरे?" इस्त्रीमावशीने विचारलं.

"त्यांना तुमच्या टेबलाशी बसवू."

"बसवा. जावयाबरोबर त्यांनाही कडक करून पाठवते."

मग मात्र सगळे हसले. मेट्रनही हसल्या, चष्मा पुसत. जाताना त्या म्हणाल्या, "मी येईन. सांगून येणार नाही." काम त्यांनी तेव्हा तोडलं नाही आणि दिलंही नाही. टांगून ठेवलं.

त्या आल्या, न सांगता, भर दुपारी. मी तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा, सगळे पॅनल एका ओळीत. मागच्या बाजूला दादाचा नवा जोडीदार गाठोडी सोडून खिडकीतून एकेक चादर देत होता, अलीकडे काका घेत होते. नेमक्या त्याच वेळी अक्का हातात चहाचा कप घेऊन मागच्या दाराने मळक्या बाजूला आली आणि खिडकीतून कप पुढे केला.

"काका, घ्या. गरम आहे."

काकांनी हात मागे घेतले. "अक्का, खिडकीतून फक्त चादर. चहा समोरून."

"अरे, मी मालकीण आहे!"

"म्हणून तर हळू आवाजात सांगतोय."

अक्का लालबुंद झाली. मग तिने काचेतून पलीकडे पाहिलं, तिथे मेट्रन उभ्या होत्या. दोघी बायका माझ्या काचेच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे बघत राहिल्या. मेट्रननी सावकाश दोन्ही तळवे गालाला लावले आणि मान कलती केली.

हॉस्पिटलचं काम राहिलं. इस्त्रीमावशी राहिली. कोणाला घरी जावं लागलं नाही.

आता मी जिथे आहे तिथे बरा आहे. पण मी इथेच जन्म काढीन असं समजू नका, आणि मला तसं वचनही नको. उद्या हॉस्पिटल स्वतःची लाँड्री काढेल, परवा हॉटेलं पुन्हा भरतील, कोण जाणे अजून काय येईल. तेव्हा मला खुशाल हलवा. माझे बोल्ट त्यासाठीच आहेत. विनंती एवढीच, की हलवण्याआधी काल काय झालं ते विचारू नका, आज दाराशी काय आलंय ते बघा. आणि माझ्या काचेसमोर काही ठेवायचं असेल, तर ठेवणाऱ्याने आपलं नाव सांगून ठेवा.

कारण ते कपाट. मला सरळ रेषेत लावताना ते हलवावं लागलं. तिघांनी कंबर कसली आणि पहिल्याच धक्क्याला ते सरकलं, इतकं हलकं. मिस्त्रीने कुलूप तोडलं. आत काही नव्हतं. कागद नाही, कपडा नाही, साधा फळीचा कप्पाही नाही. भाच्याने आत्याकडे बघितलं, आत्याने भाच्याकडे. काकांनी दादाकडे, दादाने रंगाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, आम्ही आलो तेव्हा ते तिथे होतंच.

गाठोड्याची चौकशी झाली, निकाल लागला, हॉस्पिटलला लेखी उत्तर गेलं. कपाट मागच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभं आहे. ते माझ्या काचेसमोर कोणी आणून ठेवलं, हे या कारखान्यात अजून एकाही माणसाने सांगितलेलं नाही.